पांढऱ्या शहराची चिल्लर

शिकागो आणि १८९३ ही जोडी मराठी घरांत पाठ असते ती ११ सप्टेंबरच्या भाषणामुळे. स्वामी विवेकानंद त्या वर्षी ३१ मेला मुंबईहून बोटीनं निघाले होते. त्याच सर्वधर्म परिषदेत मुंबईच्या बी. बी. नागरकरांनी ब्राह्मो समाजाची भूमिका मांडली आणि वीरचंद गांधींनी जैन धर्माची. ही परिषद एका फार मोठ्या मेळ्याच्या निमित्तानं भरली होती. मेळ्याचं नाव वर्ल्ड्स कोलंबियन एक्स्पोझिशन. कोलंबसाच्या पहिल्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून मिशिगन सरोवराच्या काठी, जॅक्सन पार्कमध्ये, १ मे ते ३० ऑक्टोबर १८९३ असा तो सहा महिने चालला. मोठ्यांना पन्नास सेंट तिकीट, मुलांना पंचवीस. एकूण प्रवेशांची नोंद पावणेतीन कोटींच्या घरात जाते.

लोक त्या जागेला ‘व्हाइट सिटी’ म्हणत. वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅमच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या त्या भव्य पांढऱ्या इमारती दगडाच्या नव्हत्या. लाकूड-लोखंडाच्या सांगाड्यावर प्लास्टर, सिमेंट आणि ताग यांचं मिश्रण थापून त्या सजवल्या होत्या. मेळा संपल्यावर १८९४ सालीच आगी लागून त्यातल्या बहुतेक जळून गेल्या. कलादालनाची इमारत वाचली, पुढे पक्क्या बांधणीत नव्यानं उभी राहिली आणि आज तिथे विज्ञान व उद्योग संग्रहालय आहे. बाकी जे उरलं ते लोकांनी खिशात घालून घरी नेलं: नाणी, पदकं, टोकनं, बिल्ले, लाटलेले सेंट. ही चिल्लर जगभरच्या पेट्यांतून आजही निघते, आणि तिचा संग्रह करणं बेताच्या पैशांत शक्य आहे. चांदीच्या नाण्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. त्या सहा महिन्यांबद्दल जास्त सांगतात त्या मात्र ॲल्युमिनियमच्या आणि कथलाच्या स्वस्त चकत्या. त्या वाचायला शिकायचं तर हातात वजनकाटा हवा आणि त्या चमकवण्याचा मोह अजिबात नको.

चांदीपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण तिथे आकडे पक्के आहेत. अमेरिकी सरकारनं या मेळ्यासाठी अर्ध्या डॉलरचं नाणं पाडलं. त्या देशाचं हे पहिलं स्मारक नाणं. पुढच्या बाजूला चार्ल्स बार्बरनं केलेला कोलंबसाचा चेहरा, मागे जॉर्ज मॉर्गनचं सांता मारिया जहाज आणि त्याखाली पृथ्वीचे दोन गोलार्ध. नव्वद टक्के चांदी, वजन १२.५ ग्रॅम, व्यास ३०.६ मिलिमीटर, कड दातेरी. मेळ्यात हे अर्ध्या डॉलरचं नाणं एक डॉलरला विकलं. पहिल्या नाण्यासाठी तर रेमिंग्टन टाइपरायटरवाल्यांनी दहा हजार डॉलर मोजले. १८९२ साल असलेली साडेनऊ लाख नाणी निघाली आणि १८९३ सालची चाळीस लाखांहून जास्त. त्या वर्षी अमेरिकेत मंदी आली. दुप्पट दरानं नाणं घेणारे तितके मिळाले नाहीत. पंचवीस लाखांच्या आसपास नाणी परत वितळवली आणि बरीचशी दर्शनी किमतीला बाजारात सोडून दिली.

या शेवटच्या गोष्टीमुळे नव्या संग्राहकाची गफलत होते. स्मारक नाणं म्हणजे दुर्मीळ असं समजून लोक झिजलेल्या नगाला भलती किंमत देतात. झिजलेलं कोलंबियन अर्धा डॉलर मुबलक मिळतं. त्यातल्या सव्वाअकरा ग्रॅम चांदीच्या भावापेक्षा थोडं वर, इतकंच त्याचं मोल. किंमत चढते ती न झिजलेल्या नाण्याची, आणि झीज कुठे शोधायची ते ठरलेलं आहे. पुढे भुवई आणि गालाचं हाड. मागे मागच्या शिडाचा माथा आणि पूर्व गोलार्धाची उजवी बाजू. हे उंचवटे सगळ्यात आधी घासले जातात. नाणं तिरप्या उजेडात सावकाश फिरवावं. उंचवट्याचा रंग आसपासच्या भागापेक्षा फिका आणि मेलेला दिसला तर ते हातोहात फिरलेलं आहे. पूर्ण चमक आहे पण केसांसारख्या समांतर रेघा आहेत, तर कुणीतरी कापडानं पुसलेलं आहे. दुसरा दोष पहिल्यापेक्षा वाईट. झीज हा त्या नाण्याचा इतिहास आहे. अर्धा डॉलर म्हणून त्यानं कुणाची तरी भाजी, कुणाचं तरी भाडं भागवलं. पुसण्यानं फक्त नुकसान होतं.

दुसरं चांदीचं नाणं इसाबेला राणीचं, पाव डॉलरचं. मेळ्यातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष बर्था पामर यांनी ते मागून घेतलं. त्याच्या मागच्या बाजूला गुडघ्यावर बसून सूत कातणारी बाई आहे. ४०,०२३ पाडली, त्यातली १५,८०९ परत वितळवली, म्हणजे चोवीस हजारांच्या थोडी वर उरली. न खपण्याचं कारण साधं होतं: एका डॉलरमध्ये अर्ध्या डॉलरचं नाणं मिळत असताना त्याच पैशात पाव डॉलरचं कोण घेणार? तेव्हाची ही नावड आज किमतीत उलटी फिरली आहे, आणि म्हणून नकलाही याच नाण्याच्या फार. वजन ६.२५ ग्रॅम, व्यास २४.३ मिलिमीटर. यात फरक निघाला तर पुढची बोलणी करू नयेत. वजन बरोबर भरलं तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नये, त्याबद्दल पुढे.

आता ॲल्युमिनियम. आज या धातूच्या पदकाकडे कुणी वळून पाहत नाही, म्हणून १८९३ मधल्या माणसाच्या नजरेनं ते पाहायला हवं. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवलेलं शंभर औंसांचं ॲल्युमिनियमचं टोपण ही कौतुकाची वस्तू होती, कारण धातू चांदीच्या जवळपास भावाचा होता. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी वेगवेगळे राहून विजेनं ॲल्युमिनियम काढायची रीत शोधली आणि भाव कोसळला. शिकागोचा मेळा भरला तेव्हा हा धातू नुकताच सामान्य माणसाच्या आवाक्यात आला होता. चांदीसारखा पांढरा, गंज न चढणारा, आणि हातात घेतला तर वजनच लागत नाही असा. त्या काळच्या माणसासाठी पदकावरच्या चित्राइतकाच त्याचा धातूही नवलाईचा होता. पुरस्काराची मोठी पदकं ज्या डब्यांतून दिली ते डबेही ॲल्युमिनियमचेच.

विक्रेत्यांच्या याद्यांत मात्र धातूची नावं सर्रास चुकतात. ॲल्युमिनियमला ‘व्हाइट मेटल’ (हे खरं तर कथलाच्या मिश्रधातूचं नाव) म्हटलेलं असतं, कथलाच्या मिश्रधातूला ‘चांदी’, आणि गिलीट चढवलेल्या पितळेला ‘सोनेरी ब्राँझ’. डोळ्यांनी ओळखण्याच्या भानगडीत पडू नये. ३८ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची सपाट चकती धरली तर ॲल्युमिनियममध्ये ती साडेसात ग्रॅमच्या आसपास भरते, कथलाच्या मिश्रधातूत वीस-एकवीस, ब्राँझमध्ये पंचवीस. म्हणजे लांबून घेताना विक्रेत्याला फक्त व्यास, जाडी आणि वजन विचारलं तरी निम्मा प्रश्न सुटतो. तो वजन सांगायला टाळत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

हातात आलेल्या नगाची घनता घरी काढता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्यावा. आधी कोरड्या नगाचं वजन लिहावं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. नग बारीक दोऱ्यानं बांधून वरून पाण्यात लोंबकळत सोडावा. तो पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा आता जो आकडा दाखवेल ते नगानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागलं की घनता मिळाली. खऱ्या अर्ध्या डॉलरला पाण्यात १.२१ च्या आसपास आकडा येतो, १२.५ भागिले १.२१ म्हणजे १०.३, आणि नव्वद टक्के चांदीची घनता तेवढीच असते. ॲल्युमिनियमची २.७, कथलाच्या मिश्रधातूची सात-साडेसात, पितळेची साडेआठच्या आगेमागे, ब्राँझची ८.८.

यात चुका होण्याच्या जागा दोन-तीन आहेत. अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात, त्यामुळे नग फुगलेला भासतो आणि घनता कमी येते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि नग जरा हलवला की बुडबुडे सुटतात. दुसरं, दोन ग्रॅमच्या टोकनाला पाण्यातला आकडा अवघा ०.२४ च्या आसपास येतो. काटा एका अंकानं चुकला तर उत्तर चार टक्क्यांनी हलतं, आणि मग पितळ की ब्राँझ हे या रीतीनं ठरवता येत नाही. तिसरं, पांढरी भुकटी धरलेलं ॲल्युमिनियम, सुटू लागलेला मुलामा आणि रिबिनीचं कापड लागलेलं पदक यांना पाण्यात घालूच नये. बाकीचा नग काढल्यावर मऊ कापडावर ठेवून टिपून घ्यावा, घासू नये.

धातू कळला की पुढचा प्रश्न, हे पदक खरंच शिकागोचं आहे का. कोलंबस दिसला की शिकागो असं धरून चालणारे बरेच आहेत. १८९२ मध्ये कोलंबसाचा उत्सव जिनोआत झाला, माद्रिदमध्ये झाला, ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्येही झाला, आणि प्रत्येक ठिकाणची पदकं निघाली. न्यूरेंबर्गच्या लाउएर आणि मिलानच्या जॉन्सन या कारखान्यांनी युरोपात बसून कोलंबसाची पदकं पाडली. त्यातली काही उत्तम घडणीची आहेत आणि संग्रहात असावीतच, पण त्यांची नोंद वेगळी व्हायला हवी. कोलंबसाचं त्याच्या हयातीतलं खात्रीचं एकही चित्र नाही, त्यामुळे प्रत्येक कारागिरानं आपल्या मनचा चेहरा दिला आहे. कुठे दाढी, कुठे गुळगुळीत गाल, कुठे टोपी. चेहऱ्यावरून गाव ठरत नाही. गाव ठरतं ते कडेच्या मजकुरावरून आणि इमारतींवरून. रिचर्ड मॉरिस हंटचं घुमटाचं प्रशासन भवन, जॉर्ज पोस्टचं उत्पादन भवन (१,६८७ फूट लांब, ७८७ फूट रुंद), फेरिसचं चक्र (मोठा आकाशपाळणा) ही शिकागोची खूण.

तारखांचा गोंधळही समजून घेण्यासारखा आहे. अनेक पदकांवर १८९२-१८९३ अशी दोन्ही सालं असतात, कारण उद्घाटनाचा समारंभ ऑक्टोबर १८९२ मध्ये झाला आणि मेळा लोकांसाठी उघडला पुढच्या मे महिन्यात. समारंभ आधी १२ ऑक्टोबरला ठरला होता आणि झाला २१ ला. १४९२ मधली १२ ऑक्टोबर ही जुन्या पंचांगातली. नव्या पंचांगात ती नऊ दिवस पुढे, म्हणजे २१ ला येते. त्यामुळे काही नगांवर १२ तारीख दिसली म्हणून त्यांना खोटं ठरवू नये.

मागे-पुढच्या मेळ्यांशी होणारी गल्लतही सांभाळावी. १८९४ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात हिवाळी प्रदर्शन भरलं. त्याची ॲल्युमिनियमची पदकं शिकागोच्या ढिगात मिसळलेली सापडतात. १९३३ मध्ये शिकागोतच दुसरा जागतिक मेळा झाला, त्याच्या टोकनांवर १८३३-१९३३ असं लिहिलेलं असतं. आणि फेरिसचं चक्र. जॉर्ज फेरिसचं २६४ फूट उंचीचं, ३६ डब्यांचं हे चक्र २१ जून १८९३ ला सुरू झालं. एका डब्यात साठ माणसं, पन्नास सेंटमध्ये दोन फेरे. मेळ्यानंतर ते आधी शिकागोतच दुसऱ्या जागी हललं, मग १९०४ च्या सेंट लुईस मेळ्यात उभं राहिलं, आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडलं. म्हणजे चक्राचं चित्र असलेलं पदक अकरा वर्षांच्या अंतरानं दोन मेळ्यांचं असू शकतं. साल वाचल्याशिवाय लेबल लिहू नये. तसंच, धातूच्या रिंगेत बसवलेला, शुभ म्हणून जवळ बाळगायचा ‘नशिबाचा सेंट’ १८९३ चा म्हणून कुणी विकत असेल तर सावध व्हावं. तो प्रकार बफेलोच्या १९०१ च्या मेळ्यापासून सुरू झाला.

लाटलेले सेंट मात्र शिकागोचेच खास. नाणं दोन पोलादी रुळांमधून काढायचं, एका रुळावर उलटा मजकूर कोरलेला. नाणं लांबट होतं आणि त्यावर मेळ्याचं नाव उमटतं. अमेरिकेत हा छंद याच मेळ्यात जन्मला. तपासायची रीत सोपी आणि फार समाधान देणारी आहे, कारण लाटल्यानं आकार बदलतो, वजन बदलत नाही. त्या काळचा ब्राँझचा सेंट ३.११ ग्रॅमचा, निकेलचे पाच सेंट पाच ग्रॅमचे, चांदीची डाइम (दहा सेंट) अडीच ग्रॅमची. झिजलेल्या नाण्यात थोडं कमी धरा. सेंट अडीच ग्रॅम भरला तर तो १९८२ मधला किंवा नंतरचा, आत जस्त असलेला. मागच्या बाजूला मूळ नाण्याची पुसट आकृती राहते. ती भिंगानं शोधावी. तिथे लिंकन दिसला तर ते नाणंच १९०९ च्या आधीचं असू शकत नाही. जुनं नाणं घेऊन नंतर लाटलेला नगही असतो, आणि तो वजनानं पकडता येत नाही. तिथे अक्षरांची घडण खात्रीच्या नगाशी ताडून बघण्याला पर्याय नाही.

पुरस्काराच्या पदकाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. ७६ मिलिमीटरचं हे ब्राँझ पदक आहे. पुढची बाजू शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सची: किनाऱ्यावर पाऊल ठेवणारा कोलंबस, हात पसरलेले, नजर वर. मागच्या बाजूसाठी त्यानं एका नग्न तरुणाची आकृती केली होती. तिचं चित्र बाहेर फुटलं, अश्लीलतेची ओरड झाली, आणि शेवटी टाकसाळीच्या चार्ल्स बार्बरची मागची बाजू लावली गेली. दोन माणसांचं काम एका चकतीच्या दोन अंगांना असं क्वचित दिसतं: एका बाजूला देहाचा जिवंत भार, दुसऱ्या बाजूला सरकारी नक्षी. या भांडणात वेळ गेला आणि पदकं लोकांच्या हाती पडली १८९६ मध्ये. कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या स्कोव्हिल कंपनीनं ती पाडली. मागच्या चौकटीत विजेत्याचं नाव उठावात असतं. ठशात नावाचा छोटा तुकडा बदलून प्रत्येक पदक पाडलं जाई. म्हणून नाव कोरून खोलगट केलेलं दिसलं किंवा चौकट कोरी असली तर खोलात जावं.

आणि शिकागोत सुवर्ण, रौप्य, कांस्य असे वर्ग नव्हते. सगळ्या विजेत्यांना एकच ब्राँझ पदक आणि सोबत गुण सांगणारं प्रशस्तिपत्र. परीक्षकांच्या या एकसाची पद्धतीवर युरोपातले प्रदर्शक नाराजही झाले. तरीही ‘शिकागो १८९३ सुवर्णपदक’ हा शिक्का जगभरच्या बाटल्यांवर आणि जाहिरातींत छापला गेला. राजा रवि वर्म्यानं भारतीय स्त्रियांची दहा चित्रं या मेळ्याला पाठवली होती आणि त्यांना पुरस्कार मिळाले. पुढल्याच वर्षी त्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याच्याबद्दलच्या लेखांतही शिकागोची सुवर्णपदकं वाचायला मिळतात. चित्रांचा मान यत्किंचितही कमी होत नाही, पण पदक ब्राँझचंच होतं. कुणी शिकागोचं सोन्याचं पुरस्कारपदक विकायला आणलं तर ते मुलामा दिलेलं आहे किंवा खोटं आहे.

नकलांकडे वळू. ठशानं पाडलेल्या नगाचं सपाट मैदान भिंगाखाली गुळगुळीत किंवा रेशमी दिसतं आणि अक्षरांच्या बाजू मैदानातून सरळ उभ्या राहतात. ओतीव नकलेत मैदानावर बारीक खळगे, अक्षरांचा पाया गोलसर, आणि कडेला साच्याची जोडरेघ किंवा ती घालवायला मारलेल्या कानशीच्या खुणा. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे ओतीव नक्कल मूळ पदकापेक्षा टक्का-दीड टक्का लहान निघते. ७६ मिलिमीटरच्या पदकात हा फरक एक मिलिमीटरच्या आसपास जातो आणि साध्या कॅलिपरवर दिसतो. व्यास दोन-तीन ठिकाणी मोजावा. विजेच्या मुलाम्यानं केलेली जुनी नक्कल जास्त फसवी, कारण ती तपशील हुबेहूब उचलते. तिथे दोन पातळ टरफलं जोडून मध्ये शिसं भरलेलं असतं. कडेवरचा सांधा आणि घनता या दोन्ही गोष्टी तिला उघडं पाडतात.

भोक असलेल्या पदकांना लोक उगाच नावं ठेवतात. मेळ्यातली कित्येक पदकं रिबिनीला किंवा पिनेला अडकवायलाच विकली होती. मूळ भोक चित्राच्या बरोबर माथ्यावर, मजकुरातल्या मोकळ्या जागेत असतं आणि काठ स्वच्छ असतात. नंतर पाडलेलं भोक अक्षर कापतं, मागच्या बाजूला धातूचा काठ उचलतं आणि पदक टांगलं तर चित्र वाकडं लोंबतं.

क्रमांकांबद्दल दोन शब्द. ३३ ते ४५ मिलिमीटरच्या डॉलरएवढ्या पदकांना ‘सो-कॉल्ड डॉलर’ म्हणतात आणि त्यांना हिब्लर-कॅपन यांच्या यादीतला ‘एच-के’ क्रमांक असतो. मेळ्यात टाकसाळीच्या दालनात लोकांसमोर पाडलेलं पितळी पदक याच गटातलं. लहान टोकनं आणि मोठी पदकं त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी एग्लितच्या यादीतले क्रमांक वापरतात. एकाच चित्राचं पदक ॲल्युमिनियम, कथील, पितळ अशा वेगवेगळ्या धातूंत निघालेलं असतं आणि धातूगणिक दुर्मिळता बदलते. म्हणून क्रमांक लिहिताना धातू न लिहिणं म्हणजे अर्धी नोंद.

जपणुकीत आपल्याकडची सवय आड येते. पितळ म्हटलं की चिंच, लिंबू, रांगोळी हातात येते आणि देव्हाऱ्यातल्या समईसाठी ते ठीकही आहे. पदकासाठी हे घातक. आम्ल वरचा थर खातं, रांगोळी उंचवटे घासते, आणि सव्वाशे वर्षांत जमलेला तपकिरी पापुद्रा गेला की तो परत आणता येत नाही. ॲल्युमिनियमला तर सोडा आणि लिंबू दोन्ही चावतात. कथलाचा मिश्रधातू इतका मऊ की टूथब्रशनंही ओरखडतो. घाम आणि बोटांचं तेल टाळायला नग कडेनंच धरावा. धूळ असेल तर मऊ कुंचल्यानं झटकावी, बस.

रासायनिक उपाय करायचाच झाला तर तो एका प्रसंगी: जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटानं नगावर हिरवट चिकट थर सोडला असेल तेव्हा. स्वस्त अल्बमची लवचीक, वास मारणारी पानं पीव्हीसीची असतात. ती तापमान वाढलं की पाझरतात आणि तांब्यावर हिरवी जखम करतात. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घ्यावं, नखांचा रंग काढायचं द्रव घेऊ नये, कारण त्यात तेलं आणि सुगंध असतात. नग काही मिनिटं बुडवून काढावा, दुसऱ्या स्वच्छ वाटीत पुन्हा बुडवावा आणि आपोआप वाळू द्यावा. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ ज्योत नको. मीनाकाम, रंग किंवा सेल्युलॉइड असलेल्या बिल्ल्याला ॲसिटोन लावू नये. हिरवी भुकटी मात्र चिकट नसेल, खरवडली की खाली खळगा दिसत असेल आणि पावसाळ्यात पुन्हा उगवत असेल, तर तो क्षारांचा रोग आहे. तो नग लगेच वेगळा ठेवून कोरड्या डब्यात टाकावा. ओलावा तोडणं हाच त्यावरचा पहिला इलाज.

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हाच खरा शत्रू. नग पॉलिएस्टरच्या पाकिटात किंवा कडक ॲक्रिलिकच्या डबीत, त्या डब्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते कधी ओले झाले ते कळतं. ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीस अंशांवर सुकवून ते पुन्हा वापरता येतात. पुठ्ठ्याच्या चौकोनात नग ठेवून स्टेपल मारत असाल तर पिनांचे पाय पक्कडीनं सपाट करा, नाहीतर शेजारच्या नगावर रेघ उठते. लाकडी पेटी टाळावी. लाकडातून सुटणारी आम्लं शिसं असलेल्या मिश्रधातूला पांढरी करतात. रबरबँड चांदीच्या जवळपासही नको, त्यातलं गंधक तिला काळं करतं.

प्रत्येक नगाची चिठ्ठी असावी, आणि तिच्यावर धातू, दोन दशांशांपर्यंत वजन, व्यास, जाडी, कडेचा प्रकार, भोक मूळचं की नंतरचं, क्रमांक, केव्हा व किती रुपयांना घेतलं, एवढं तरी लिहावं. फोटो दोन काढावेत, एक समोरून आणि एक कमी उंचीवरच्या तिरप्या उजेडात. झीज आणि ओरखडे दुसऱ्यातच दिसतात. नगासोबत जुन्या मालकाचं हस्ताक्षर असलेलं पाकीट आलं तर ते फेकू नये. फक्त पदक त्यात परत घालू नये. जुन्या कागदात आम्ल आणि गंधक असतं, म्हणून पाकीट वेगळ्या पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवून दोन्हींवर एकच नोंदक्रमांक टाकावा.